चार चाकं, सोळा नट

आमच्या इमारतीत सध्या अशी बोलवा आहे, की मी या वयात गाडीला चकचकीत चाकं बसवली ती मिरवायला. ही बोलवा कुणी उठवली ते मला पक्कं ठाऊक आहे, पण मी बोलणार नाही. मी तसला माणूस नाही. जे घडलं ते फक्त जसंच्या तसं सांगतो. त्यानंतर ज्याला जे म्हणायचं असेल ते त्यानं खुशाल म्हणावं, पण माझ्या तोंडावर म्हणावं. जिन्यात उभं राहून, मी दिसलो की गप्प होऊन म्हणू नये.

मुळात जुनं चाक वाकलं ते मी वाकवलं नाही. आमच्या लेकीनं वाकवलं. तिला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली होती. चांगली, स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली नोकरी. पण कामासाठी कंपनीची गाडी घेऊन गावभर फिरावं लागणार होतं, आणि नेमणुकीच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की एक तारखेच्या आत गाडी चालवण्याचं लायसन्स दाखवा, नाहीतर यादीतला पुढचा उमेदवार घेऊ. एकदा ती परीक्षेत नापास झाली होती. दुसऱ्या परीक्षेची तारीख मिळाली ती बारा दिवसांवरची. ती हुकली असती तर पुढची दोन महिन्यांनी, म्हणजे नोकरी गेलीच.

पहिल्या वेळी ती नापास का झाली याबद्दल घरात दोन मतं आहेत. मी कुंपणाबाहेरून तिला मदत व्हावी म्हणून हातानं थोड्या खुणा केल्या होत्या. ते पाहून ती गोंधळली आणि खांबाला जाऊन टेकली, असं मायलेकींचं मत आहे. माझं मत असं आहे की तिनं माझ्या खुणा नीट पाहिल्या नाहीत.

तर सराव करताना तिनं पुढचं डावं चाक फुटपाथच्या कडेला घातलं आणि रिम वाकली. गॅरेजवाला म्हणाला, ठोकून सरळ करून देतो, दोन तासांचं काम आहे. लेक म्हणाली, "बाबा, एवढंच करा. परीक्षा होईपर्यंत गाडीला दुसरं काही करू नका. मला तिची आत्ता कुठे सवय झालीय." हे मी ऐकलं नाही असा माझ्यावर आरोप आहे. मी ऐकलं होतं. दोन्ही कानांनी ऐकलं होतं. पण गॅरेजमधून परतताना वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर भेटले.

डॉक्टर माणूस म्हणून चांगले आहेत, पण त्यांना गाड्यांचा नाद आहे. ते वाकलेल्या रिमसमोर उकिडवे बसले, बोटानं तिला टिचक्या मारल्या आणि चेहरा असा केला की मला माझी दाढ आठवली. म्हणाले, ठोकलेली रिम कधीही दगा देते. लोखंडी चाकांचे दिवस गेले, आता अलॉयची चाकं बसवा. हलकी असतात, गाडी पकडून ठेवतात. मग हळूच म्हणाले, "मुलगी चालवणार ना? मग विषय सुरक्षिततेचा आहे." आता मला सांगा, बाप म्हणून मी काय करायला हवं होतं? मी मिरवायला चाकं घेतली असं म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं, मग जिन्यात उभं राहावं.

इथे माझ्या कामाबद्दल दोन शब्द सांगतो, कारण पुढे ते लागतील. मी पाणीपुरवठा कार्यालयात नळजोडणीचे अर्ज तपासतो. अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्या टेबलावरून चुकीचा अर्ज आजवर पुढे गेलेला नाही. लोक वैतागतात, पण मी रकान्याप्रमाणे चालतो. त्यामुळे चाकं घ्यायला जाताना मी मोघम गेलो नाही. हिच्या शिवणयंत्राच्या खणातली टेप घेतली आणि गाडीची सगळी मापं काढली. चाकाची उंची, टायरची रुंदी, दोन चाकांमधलं अंतर, जमिनीपासून दिव्यापर्यंतची उंची. एका कागदावर आकृती काढली, बाण दाखवले, खाली सही केली. हिनं विचारलं, दिवा कशाला मोजला? मी म्हटलं, असू दे, माहिती कधी वाया जात नाही.

चाकवाल्याचं दुकान म्हणजे काचेमागे भिंतभर टांगलेली चाकं आणि मध्ये एक फिरत्या खुर्चीवरचा गृहस्थ. त्यानं माझी आकृती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "पीसीडी काय आहे?" मला तो शब्द माहीत नव्हता. पण अठ्ठावीस वर्षं समोरच्याला ‘हे काय आहे’ असं विचारायला लावलेल्या माणसाला स्वतः तसं विचारणं जड जातं. मी म्हटलं, "नेहमीचाच." तो म्हणाला, ठीक. आणि मी पसंत केलेली चाकं गाडीला लावून न पाहताच, एका टेम्पोत घालून माझ्या घरी आली.

पीसीडी म्हणजे नटांच्या भोकांमधलं अंतर. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा गॅरेजवाल्यानं चाक उचललं, गाडीच्या चार बोल्टांवर टेकवलं आणि ते बसेना. अगदी थोड्यासाठी बसेना. नखाएवढा फरक. त्यानं माझी आकृती मागून घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "साहेब, यात सगळं आहे, फक्त भोकं नाहीत." गॅरेजमध्ये आणखी दोन गिऱ्हाईकं होती. ती हसली नाहीत, पण हसण्यासारखा चेहरा करून उभी राहिली, आणि ते जास्त लागतं.

चाकं परत गेली. या वेळी गाडी घेऊनच गेलो. चाकवाल्यानं नवी चाकं दाखवली, भोकं बरोबर, पण माप एक इंचानं मोठं. चौदाच्या जागी पंधरा. म्हणाला, टायर बारीक घालू, बाहेरून उंची तेवढीच राहील, गाडी रुबाबदार दिसेल. रुबाबदार हा शब्द त्याचा आहे, माझा नाही, हे लक्षात घ्यावं. मी त्याला सरळ विचारलं, गाडीच्या कागदपत्रात चौदा लिहिलंय, त्याचं काय? तो म्हणाला, कोण बघतंय? मी म्हटलं, मी बघतो. त्याच दिवशी मी वाहन कार्यालयात जाऊन चाकाच्या बदलाची नोंद करण्याचा अर्ज तीन प्रतींत दिला आणि शिक्क्याची पोच घेतली. माझ्यावर निष्काळजीपणाचा आरोप करणाऱ्यांनी ती पोच येऊन बघावी. मी लॅमिनेट करून ठेवली आहे.

नवी चाकं बसली. खोटं कशाला बोलू, गाडी सुरेख दिसत होती. हिनंसुद्धा गॅलरीतून वाकून पाहिलं आणि मग पाहिलंच नाही असं दाखवलं. लेक घरी आली, गाडीला एक फेरी मारली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरजवळ गेली आणि आणखी एक दिवस खोडला. आठ उरले होते.

तिनं गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच वळणावर, चाक पूर्ण डावीकडे वळवल्यावर, खालून खर्र असा आवाज आला. टायर आतल्या प्लॅस्टिकला घासत होता. सरळ जाताना काही नाही, पूर्ण वळलं की खर्र. आणि परीक्षेत नेमका आठचा आकडा काढायचा असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना पूर्ण वळणं. चाकवाला फोनवर म्हणाला, तेवढं चालायचंच. मी म्हटलं, चालायचंच म्हणजे काय? ते लिहून द्या. मग तो वरमला. दुसऱ्या दिवशी त्यानं प्लॅस्टिक गरम करून आत दाबलं. खर्र थांबलं आणि थरथर सुरू झाली. गाडी जरा वेगात गेली की स्टिअरिंग हातात कापायला लागे. दोन दिवस त्यात गेले. शेवटी गॅरेजवाल्यानं शोधलं, की नव्या चाकाचं मधलं भोक मोठं आहे आणि ती जागा भरणारी रिंग घालायची चाकवाला विसरलाय. रिंगा बसल्या, थरथर गेली. तोवर कॅलेंडरवर चार दिवस उरले होते, आणि आठवडाभर लेक माझ्याशी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बघू’ या तीनच शब्दांत बोलत होती.

हे सगळं संपलं होतं. मी पुन्हा सांगतो, संपलं होतं. गाडी झकास चालत होती, लेक आठचे आकडे काढत होती. पण त्या संध्याकाळी आमच्या इमारतीचे सेक्रेटरी खाली आले.

सेक्रेटरींचं आयुष्यातलं एकच काम आहे, दुसऱ्याच्या आनंदात धोका शोधून देणं. त्यांनी हात मागे बांधून चाकं पाहिली आणि म्हणाले, छान आहेत, चोरीला जातील. त्यांच्या साडूच्या शेजाऱ्याची म्हणे सकाळी उठून पाहतात तो गाडी चार विटांवर उभी. पुढे असंही म्हणाले की इमारतीच्या आवारातून वस्तू गेली तर समिती जबाबदार नाही, तसा फलक त्यांनी लावलेला आहे. रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर विटा. सकाळी उठून चाकवाल्याकडे गेलो आणि दर चाकाला एकेक कुलुपाचा नट बसवून घेतला. सोळा नटांपैकी बारा साधे, चार कुलुपाचे. या चारांना साधा पाना लागत नाही. त्यांची एक खास किल्ली असते, लोखंडाचा अंगठ्याएवढा तुकडा, आत वेडीवाकडी खाच. ती पान्याला लावली तरच नट फिरतो. चाकवाला म्हणाला, "ही गाडीतच ठेवा, पान्याबरोबर."

आता शांतपणे विचार करा. कुलूप गाडीला आणि किल्लीही गाडीतच? मग कुलूप कशाला? घराला कुलूप लावून आपण किल्ली कडीला अडकवून जातो का? मी ती घरात ठेवणार होतो, पण आमच्या घरात ठेवलेली वस्तू सापडत नाही. माझा चष्मा एकदा तांदळाच्या डब्यात सापडला होता. तेव्हा किल्ली हरवू नये, चोराला मिळू नये, आणि ती कुठे आहे हे मला नक्की माहीत असावं, अशी जागा एकच होती. मी ती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली.

हिला सांगितलं तेव्हा ती चहा गाळत होती. तिनं गाळणं खाली ठेवलं. म्हणाली, चार वर्षं मी सांगतेय, लॉकरमधून माझे कानातले आणा, तर तुम्हाला वेळ नाही, आणि नट ठेवायला बरी सुट्टी काढलीत. मी म्हटलं, नट नाही, नटाची किल्ली. या दुरुस्तीचा काही उपयोग झाला नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. सकाळी नऊची वेळ. साडेसातला मी फडका घेऊन खाली गेलो, निदान चाकं पुसावीत म्हणून, आणि पाहतो तर पुढचं डावं चाक खाली बसलेलं. टायरमध्ये एक स्क्रू घुसला होता. मी मुळीच घाबरलो नाही. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. डिकी उघडली, गाडी उचलली, तीन नट फिरवून काढले, आणि चौथ्यापाशी माझे हात थांबले.

बँक साडेदहाला उघडते.

लेक तयार होऊन, केस घट्ट बांधून खाली आली. मी जमिनीवर बसलेला, हातात पाना. तिनं चाकाकडे पाहिलं, नटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. "बाबा, किल्ली," एवढंच म्हणाली. मी लॉकरचं सांगितलं. ती गाडीच्या बॉनेटला टेकून उभी राहिली आणि बोटं मोजायला लागली. एक तारखेला किती दिवस उरले ते मोजत होती, हे मला कळलं.

गॅरेज दहाला उघडणार. डॉक्टरांची गाडी बिनगिअरची, ती या परीक्षेला चालत नाही. सेक्रेटरींची गाडी होती, पण त्यांनी विम्याचं काहीतरी सांगून खिडकी लावून घेतली. दातांचे डॉक्टर मात्र, त्यांचं मला आजही कौतुक आहे, आपली हत्यारांची पेटी घेऊनच खाली आले. नाकावर भिंग चढवलं, कपाळाला दिवा बांधला, नटाच्या खाचेत एक सळई घातली, मग दुसरी, मग एक पकड. पंधरा मिनिटं घाम गाळला. तोंडानं सवयीप्रमाणे "जरा सहन करा" म्हणत होते. शेवटी उठले आणि म्हणाले, मूळ फार खोल आहे. पाहायला जमलेली मंडळी आता बरीच झाली होती. कुणी हातोडा सुचवत होतं, कुणी गरम पाणी. मला प्रत्येकाचा राग येत होता, आणि सगळ्यात जास्त ज्याचा येत होता त्याचं नाव मी इथे घेत नाही, तो जमिनीवर पाना घेऊन बसला होता.

मग ही वरून पायपंप घेऊन आली. आमचा जुना, पिवळा, लेकीच्या सायकलचा. म्हणाली, "स्क्रू आत आहे तोवर हवा हळू जाईल. भरा आणि निघा." मी तीन नट परत आवळले आणि हवा भरली. चाक उभं राहिलं. अर्ध्या वाटेवर थांबून पुन्हा भरली. लोक हॉर्न वाजवत होते. मी मागे वळूनही पाहिलं नाही. पाऊण वाटेवर तिसऱ्यांदा भरली. नऊला दोन मिनिटं कमी असताना आम्ही तिघं मैदानाच्या फाटकात शिरलो. लेक म्हणाली, "पोचलो, बाबा." एका वाक्यात दोन शब्द, आणि त्यातला एक बाबा. मला एवढं बरं वाटलं की सांगता येत नाही.

निरीक्षक तरुण होता, हातात पाटी आणि तिच्यावर यादी. त्यानं कागदपत्रं पाहिली, मग वाकून टायरवरचे आकडे वाचले, पुन्हा कागद पाहिला. म्हणाला, इथे चौदा आहे, गाडीला पंधरा आहे. मी याच क्षणाची वाट पाहत होतो. खिशातून पोच काढली आणि त्याच्यासमोर धरली. रीतसर अर्ज, तीन प्रती, शिक्का, क्रमांक. त्यानं ती काळजीपूर्वक वाचली, आदरानं परत दिली आणि म्हणाला, "काका, पोच म्हणजे मंजुरी नव्हे."

हे वाक्य माझं आहे. अठ्ठावीस वर्षं मी ते रोज म्हणत आलोय, कधी दिवसातून दहा वेळा. याच शब्दांत, याच आवाजात. ते समोरून ऐकताना कसं वाटतं याचा मला खरंच अंदाज नव्हता. तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुष्कळ बोललो. सरकारी कामाची दिरंगाई, सामान्य माणसाचा छळ, एका इंचासाठी एका मुलीचं नुकसान. माझ्या टेबलासमोर उभं राहून लोक जे जे बोलतात ते सगळं बोललो. तोही अगदी माझ्यासारखाच, पेन यादीवर ठेवून, मी संपायची वाट पाहत उभा राहिला. मग म्हणाला, दुसरी गाडी आणा, मी यादीच्या शेवटपर्यंत नंबर राखून ठेवतो. आणि ही हवा गेलेली गाडी तेवढी मैदानातून बाहेर काढा.

लेक तडक रांगेकडे गेली. शेवटी एक लाँड्रीची व्हॅन उभी होती, तिच्यामागे तिचा मालक, आपल्या बायकोला परीक्षेला घेऊन आलेला. लेक त्याच्याशी काहीतरी बोलली आणि त्यानं मान डोलावली. मालकाची लेखी संमती लागते म्हणून मी कागद घेऊन पुढे गेलो. तो मला पाहून थबकला. मीही त्याला ओळखलं. याचा नळजोडणीचा अर्ज मी तीनदा परत पाठवला होता. तिसऱ्यांदा अशासाठी, की त्यानं पाइपचा व्यास लिहिला होता, पण इंच की सेंटिमीटर ते लिहिलं नव्हतं.

आता तो काय म्हणेल या विचारानं माझे कान तापले. माझी लेक दोन पावलांवर उभी होती, नोकरीचं पत्र पर्समध्ये घेऊन. मला मान खाली घालून कुणाकडे काही मागायची सवय नाही. मी म्हटलं, "तुमची गाडी माझ्या मुलीला अर्धा तास द्याल का? चूक माझी आहे, तिची नाही." हे वाक्य बोलायला मला किती जड गेलं ते मलाच माहीत.

मी घाईघाईत लिहिलेलं संमतीपत्र त्यानं हातात घेतलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत वाचलं आणि परत माझ्याकडे दिलं. "तारीख राहिली, साहेब," म्हणाला. मी तारीख घातली. त्यानं सही केली आणि व्हॅनची किल्ली लेकीच्या हातात दिली, वर सांगितलं की ताई, दुसरा गिअर जरा जड पडतो, घाबरू नका. त्यानं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तसं न करून त्यानं माझी जी अवस्था केली ती काही न्याय्य नव्हती.

व्हॅन सुरू झाली. चारही चाकं लोखंडी, गंजलेली, एकाला टोपीसुद्धा नाही. हिनं माझा दंड धरून मला फाटकाकडे वळवलं. म्हणाली, तिकडे बघायचं नाही, हातवारे करायचे नाहीत, तुम्ही तुमची गाडी बाहेर काढा. मी निमूटपणे आमच्या गाडीपाशी गेलो. चाक पुन्हा जमिनीला टेकलं होतं. मैदानाकडे पाठ करून मी पंप लावला आणि पाय मारायला लागलो.

मागून सगळं ऐकू येत होतं. व्हॅनचं इंजिन, शिट्टी, मग एक गचका. तो दुसरा गिअर असणार. मग काही क्षण काहीच नाही. ती शांतता फार वाईट होती. मी पंप मारत राहिलो. इंजिन पुन्हा सुरू झालं, आठच्या आकड्याच्या पहिल्या गोलात गेलं, दुसऱ्या गोलात गेलं. आता मागे घेतेय. आता चढावर थांबली. माझे हात बॉनेटला घट्ट धरून होते, ते कुणी सोडवले असते तर मी काय खुणा केल्या असत्या कोण जाणे. चाकात किती हवा झाली याकडे माझं लक्ष नव्हतं. पाठ करून उभ्या असलेल्या बापाला कानांनी जेवढी गाडी चालवता येते तेवढी मी चालवत होतो.

किती वेळ गेला माहीत नाही. एक हात माझ्या खांद्यावर आला. लेक होती. तिनं वाकून पंप माझ्या पायाखालून काढून घेतला आणि म्हणाली, "बाबा, पुरे. टायर फुटेल. पास झाले मी."

मी त्या चाकापाशीच खाली बसलो, चेहरा फडक्यात घालून, आणि ती शेजारी बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लाँड्रीवाला पाण्याची बाटली घेऊन आला, निरीक्षकानं लांबून विचारलं, काकांना बरं नाही का?

बरं नाही काय म्हणता! तेव्हापासून ही इमारतीत ज्याला त्याला सांगत सुटलीय, की यांचं आता वय झालं, एवढा पंप मारला आणि अशी धाप लागली की खालीच बसले बिचारे. डॉक्टरांनी भेटल्या भेटल्या माझी नाडी पाहिली. सेक्रेटरी म्हणतात, या वयात झेपेल तेवढंच करावं. माझी बाजू सावरायला म्हणून ही हे सांगतेय, ते मला कळतं. पण माझ्याबद्दल जे सांगायचं ते खरं सांगावं, असा माझा आग्रह आहे. मला कसलीही धाप लागली नव्हती. मी रडत होतो.